प्रश्न न विचारणाऱ्या मुलाचे काय?

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. एखाददुसरा पाऊस होऊन गेलेला असतो, शेतात सरकी टोबण्याची घाई चाललेली असते आणि पहिलीच्या वर्गात नवी मुले भेदरलेल्या डोळ्यांनी भिंतीला टेकून बसलेली असतात. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडील तालुक्यांत, केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या बाजूला, त्या मुलांत कोलाम पोडावरून आलेली काही मुले हमखास असतात. ती रडत नाहीत, भांडत नाहीत, गोंगाट करीत नाहीत. ती फक्त गप्प असतात. या गप्प बसण्याला आपण शिक्षक मंडळी 'शिस्त' म्हणतो. फार तर 'बुजरेपणा' म्हणतो.

प्रस्तुत लेखकाने आपल्या उमेदवारीच्या काळात अशाच एका मुलीला आठवडाभर 'शहाणी मुलगी' म्हणून शाबासकी दिली होती. आठवड्याच्या शेवटी कळले ते असे की, त्या मुलीने शाळेच्या वेळात एकदाही पाणी मागितले नव्हते. तिच्या घरी पाण्याला 'ईर' म्हणतात. गुरुजींना हा शब्द ठाऊक नसल्याचे तिने पहिल्याच दिवशी ओळखले होते आणि गुरुजींचा शब्द तिला अजून आलेला नव्हता. तिच्या तहानेचा आणि शाबासकीचा तो हिशेब आजही मनातून जात नाही. या लेखाचे कारण तेच आहे. मात्र त्याची वाट थोडी दूरची, कोकणच्या किनाऱ्यावरून आणि मुंबईच्या एका ज्यू शाळेवरून जाणारी आहे. वाचकांनी थोडा धीर धरावा.

ज्यू लोकांत वल्हांडणाच्या सणाच्या पहिल्या रात्री, घरातील सर्व माणसे एकत्र बसून 'हग्गादा' नावाची पोथी वाचतात. मिसरच्या गुलामगिरीतून आपले पूर्वज कसे सुटले, याची ती कथा. परंतु या कथेचा आरंभ घरातला कर्ता पुरुष करीत नाही. घरातील सर्वांत लहान मुलाने आधी प्रश्न विचारायचे असतात: आजची रात्र इतर रात्रींसारखी का नाही? आजची भाकरी बिनखमिराची का? मुलाने विचारल्याशिवाय मोठ्यांनी सांगू नये, असा हा दंडक आहे. आपल्याकडे मुलाने प्रश्न विचारला की बहुधा 'आधी ऐकून घे' असे म्हटले जाते, हे ज्याला आठवेल त्याला या रिवाजातील वेगळेपण चटकन उमगेल.

त्याच पोथीत पुढे चार मुलांचे वर्णन येते. एक शहाणा, एक उद्धट, एक साधाभोळा, आणि चौथा तो, ज्याला प्रश्नच विचारता येत नाही. पहिल्या तिघांना त्यांच्या त्यांच्या प्रश्नाप्रमाणे उत्तर द्यावे, असे पोथी सांगते. चौथ्याच्या बाबतीत मात्र जबाबदारी उलटते. तेथे मुलाची वाट पाहायची नाही. मोठ्याने स्वतः होऊन त्याच्यासाठी बोलणे उघडायचे. शिक्षणशास्त्राचे जाडजूड ग्रंथ चाळूनही याहून नेमकी सूचना क्वचित सापडेल. आमच्या पहिलीच्या वर्गातील कोलाम मूल म्हणजे हे चौथे मूल होय. फरक इतकाच की, त्याला प्रश्न पडत नाहीत असे नाही. ते ज्या भाषेत पडतात ती भाषा वर्गात कोणालाच येत नाही.

ज्यू समाजाने प्राथमिक शाळेचा विचार किती बारकाईने केला होता, याचा पुरावा 'तालमूद' या त्यांच्या धर्मशास्त्रात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील यहोशुआ बेन गमला नावाच्या महायाजकाने असा नियम घालून दिला की, गावोगाव शिक्षक नेमावेत आणि सहासात वर्षांची मुले त्यांच्याकडे पाठवावीत. त्यामागचे कारणही तेथेच नोंदले आहे: ज्याला बाप होता त्याला बाप शिकवी, आणि ज्याला बाप नव्हता तो अडाणी राहत असे. म्हणजे शाळेचा जन्मच मुळी पोरक्या मुलासाठी झाला. पुढच्या पंडितांनी पटसंख्याही ठरवली. पंचवीस मुलांमागे एक शिक्षक; चाळीस झाली तर त्याला एक मदतनीस, आणि त्याचा खर्च गावाने सोसायचा; पन्नास झाली की दोन शिक्षक. आपल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गासाठी तीस मुलांमागे एक शिक्षक, हे प्रमाण घातले. शेकडो वर्षांच्या अंतराने दोन्ही आकडे इतके जवळ यावेत, याचा अर्थ मुलांचा स्वभाव आणि माणसाचा आवाका फारसा बदललेला नाही, एवढाच.

याच चर्चेत आणखी एक नियम आहे, तो आज महाराष्ट्रातील प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने वाचावा असा आहे. मुलाला शाळेसाठी रोज एका गावाहून दुसऱ्या गावी नेऊ नये. त्याच गावात एका प्रार्थनामंदिरातून दुसऱ्यात नेले तर चालेल. पण मध्ये नदी असेल तर तेही नको. नदीवर पूल असेल तर हरकत नाही. मात्र नुसती फळी टाकलेली असेल तर तिला पूल समजू नये! हे वाचले की आपल्याकडील पावसाळ्यातले नाले डोळ्यांपुढे येतात. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचा विचार शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला. त्याच्या बाजूने सांगितली जाणारी कारणे सगळीच खोटी नाहीत. पाचसात मुलांच्या शाळेत मुलांना सोबती नसतात, खेळ नसतात, शिक्षक एकटा पडतो, हे खरे आहे. परंतु पोड आणि तांडा यांवरील मुलाच्या वाटेत पूल आहे की फळी, हे मंत्रालयातील तक्त्यावरून दिसत नाही. पट मोजणाऱ्याने एकदा श्रावणात ती वाट चालून पाहावी, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

येथे एक खुलासा करणे प्रामाणिकपणाचे होईल. जुन्या ज्यू पाठशाळा म्हणजे नंदनवन होते, असे सुचविण्याचा हेतू नाही. युरोपातील 'खेदर' नावाच्या पाठशाळांत छडी होती, घोकंपट्टी होती, आणि मुलींना बहुधा दार बंद होते. आमच्या तात्यापंतोजींच्या शाळेहून ते चित्र फारसे वेगळे नव्हते. तरीही त्यांच्या काही रीती मनात घर करतात. काही ठिकाणी शाळेच्या पहिल्या दिवशी पाटीवरील अक्षरांना मध लावून ती मुलाला चाटायला देत. अक्षर गोड असते हे मुलाला आधी जिभेने कळावे, अर्थ मागाहून कळला तरी चालेल, ही त्यामागील भावना. आपण दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढतो त्याच जातीची ती भावना आहे. दुसरी रीत वरच्या वर्गांतली: दोघादोघांनी समोरासमोर बसून, मोठ्याने वाद घालीत पाठ समजून घेणे. अशा वर्गात शांतता असेल तर काहीतरी बिघडले आहे, असे समजतात. आमच्याकडे तपासणीला साहेब आले की वर्गातील शांतता हाच शिक्षकाच्या कर्तबगारीचा दाखला मानला जातो. या दोन समजुतींपैकी कोणती बरोबर, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

आता महाराष्ट्रातील ज्यूंकडे येऊ. बेने इस्रायल हा समाज शतकानुशतके कोकणात राहिला. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेली सात जोडपी ही आपली मूळ माणसे, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलघाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. गावावरून आडनावे पडली: केहिमकर, राजपूरकर, दिवेकर, अष्टमकर. भाषा मराठी झाली. वर्षारंभाला 'नव्याचा सण' आणि पुरीम या सणाला 'होळीचा सण' अशी नावे रुळली. हिब्रू भाषा मात्र जवळजवळ विसरली गेली. एक छोटी प्रार्थना तेवढी ओठांवर उरली. ज्या धर्माचा सारा जीव ग्रंथात, त्या धर्माचे लोक ग्रंथ वाचू शकत नव्हते.

हा तुटलेला धागा पुन्हा जोडला कोणी? उत्तर ऐकून काहींना आश्चर्य वाटेल: मराठीने. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिशनऱ्यांनी या समाजासाठी शाळा काढल्या. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. समाजाने व्याकरण घेतले, शाळा घेतल्या, आणि धर्म मात्र बहुतांशी आपलाच ठेवला. मुंबईत १८४६ मध्ये हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतर असलेली हग्गादा छापली गेली. पुण्यात १८७४ मध्ये सचित्र हग्गादा निघाली. तिच्यातील एका चित्रात जमिनीवर बसून सणाच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका चक्क लुगड्यात आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी मुंबईतील एका ज्यू शाळेचे मुख्याध्यापकपद दीर्घकाळ सांभाळता सांभाळता प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. १८८० मध्ये तर या समाजात कीर्तनाची प्रथा सुरू झाली. अब्राहाम आणि मोशे यांची आख्याने टाळमृदंगावर मराठीत रंगू लागली. जे घरात बोलतो त्याच्या आधारे जे विसरलो ते शिकायचे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जायचे, हे सूत्र या लोकांनी अध्यापक विद्यालयाच्या क्रमिक पुस्तकातून घेतलेले नव्हते. गरजेने त्यांना ते शिकविले होते.

या साऱ्या खटपटीचे फळ म्हणजे मुंबईची इस्रायली शाळा. हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने ती १८७५ मध्ये सुरू झाली. केहिमकर म्हणजे पुढे आपल्या समाजाचा इतिहास लिहिणारे गृहस्थ. शाळा ऐपतदारांसाठी नव्हती. कारकून, कारागीर, शिपाईगडी यांच्या मुलांसाठी होती. मराठी, इंग्रजी आणि हिब्रू या तिन्ही भाषांना तेथे जागा होती: एक घराची, एक पोटाची, एक श्रद्धेची. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने मदत केली. पुढे १९३० नंतरच्या दशकात, मूळचे बगदादचे आणि पूर्वेकडे हाँगकाँग व शांघाय येथे व्यापारात मोठे झालेले सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचे नाव मिळाले. या शाळेच्या मुख्याध्यापक म्हणून १९२२ पासून १९५० पर्यंत रिबेका रूबेन यांनी काम पाहिले. १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या या बाईंना दुसरीकडे मोठी पदे मिळाली नसती असे नाही. तरीही आयुष्याची ऐन उमेद त्यांनी लहान मुलांच्या शाळेला दिली. प्राथमिक शिक्षकाच्या कामाला आपण तोंडाने जी थोरवी देतो, ती त्यांनी आयुष्य देऊन मान्य केली.

या इतिहासाचा यवतमाळशी संबंध काय, असा प्रश्न आता वाचक विचारतील. संबंध असा की, आपल्या जिल्ह्यातही लहान समाज आहेत, आणि त्यांच्या भाषा आहेत. पुसद, दिग्रस, दारव्हा भागातील तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. गोंडी आहे. कोलामी तर द्राविडी कुळातली भाषा. मराठीशी तिचे रक्ताचे नाते नाही. एमेनो या अमेरिकेतील भाषापंडिताने शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तिचा अभ्यास करून १९५५ मध्ये तिचे व्याकरण प्रसिद्ध केले. समुद्रापलीकडच्या विद्यापीठाला जी भाषा व्याकरण लिहिण्याजोगी वाटली, ती आमच्या वर्गात मात्र 'काहीतरी बोलतात' या सदरात मोडते.

कायदा या बाबतीत गप्प नाही. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचा ३५०-क हा अनुच्छेद १९५६ पासून सांगत आहे. शिक्षणहक्क कायदा 'शक्य तेथवर' मातृभाषा म्हणतो, आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेही निदान पाचवीपर्यंत, शक्य असेल तेथे, मातृभाषेचाच पुरस्कार केला आहे. 'शक्य तेथवर' हे दोन शब्द मोठे सोयीचे आहेत. सरकारी कागदात ते पळवाटेसाठी असतात. शिक्षकाच्या वर्गात ते आव्हान म्हणून असावयास हवेत.

२०२५ च्या एप्रिल ते जून या काळात पहिलीपासून हिंदी शिकवावी की नाही, यावर महाराष्ट्रात रणे माजली. २९ जूनला शासनाने ते निर्णय मागे घेतले. लहान मुलावर तिसऱ्या भाषेचे ओझे नको, हा युक्तिवाद या लेखकालाही मान्य आहे. परंतु त्या गदारोळात एक गोष्ट फारशी कोणी बोलले नाही. पोडावरच्या मुलाला मराठी हीच दुसरी भाषा आहे. आपण मराठी माणसे दुसऱ्याच्या आक्रमणाविषयी जेवढे हळवे आहोत, तेवढे आपल्या हातून नकळत होणाऱ्या आक्रमणाविषयी असू तरच आपल्या मराठीप्रेमाला नैतिक बळ येईल.

यावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला: या मुलांना शेवटी मराठीतूनच व्यवहार करायचा आहे, मग कोलामीचे लाड कशाला? याला बेने इस्रायलांचा इतिहास हेच उत्तर आहे. ते मराठी सोडून हिब्रूकडे गेले नाहीत. मराठीच्या पुलावरून गेले. कोलाम मुलानेही कोलामीच्या पुलावरून मराठीकडे यावे, एवढेच म्हणणे आहे. मराठी टाळण्यासाठी नव्हे, ती नीट येण्यासाठी. दुसरा आक्षेप: शिक्षकाला कोलामी कोठून येणार? तर सगळी न येवो. पाणी, भाकरी, भूक, आई, दुखते, बाहेर जायचे, अशा शेदीडशे शब्दांनी पहिले वर्ष निभते. जो शिक्षक बदलीच्या अर्जाचे सर्व रकाने बिनचूक भरू शकतो, त्याला शेदीडशे शब्द जड नाहीत. आणि तालमुदातील तो चाळीस मुलांमागचा मदतनीस आठवा. प्रत्येक पोडावर आज दहावी-बारावी झालेले एखादे पोर बेकार बसलेले आहे. त्याला मानधन देऊन पहिली-दुसरीच्या वर्गात भाषा-मदतनीस नेमता येणार नाही काय? तिसरा आक्षेप पालकांच्या नावाने येतो: त्यांनाच आता इंग्रजी हवी आहे. हवीच असणार. इस्रायली शाळेतही इंग्रजी होती, कारण पोट तिच्यावर होते. पण तिने घरची भाषा हाकलून दिली नाही.

एक फरक मात्र मान्य केला पाहिजे. केहिमकरांचा समाज मुंबईत आला होता, नोकऱ्यांत शिरला होता, त्याला दूरदेशीचे देणगीदार मिळाले. कोलामांचा समावेश आदिम जमातींत होतो. त्यांचा माणूस मजुरीवर जगतो आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मूल शाळेऐवजी आईबरोबर शेतात असते. त्यांच्यासाठी हाँगकाँगहून कोणी सर एली येणार नाही. जे मुंबईत समाजाने केले ते येथे जिल्हा परिषदेने आणि शासनाने करावयाचे आहे. म्हणून येथे हयगय झाली तर तिचा दोष समाजाच्या मागासपणावर ढकलता येणार नाही.

१९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. १९५१ च्या जनगणनेत भारतात ज्यूंची संख्या सव्वीस हजारांच्या घरात होती. २०११ मध्ये ती पाच हजारांच्या आत आली. २०१६ मध्ये महाराष्ट्राने त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तेव्हा तो दर्जा उपभोगण्यास फार थोडे उरले होते. पण त्यांनी उभारलेली माझगावची शाळा बंद पडली नाही. आज तेथे शिकणारी बहुतेक मुले मुसलमान आहेत. ज्यूंनी बांधलेल्या इमारतीत, एका बगदादी ज्यूच्या नावाखाली, शेजारच्या मोहल्ल्यातील मुले पाढे म्हणतात. ज्या शाळेचा जन्म एका समाजाची ओळख राखण्यासाठी झाला, तिने तो समाज निघून गेल्यावर दार लावून घेतले नाही. पट कमी झाला म्हणून शाळा मिटवावी की दार अधिक उघडावे, या प्रश्नाचे एक उत्तर तेथे उभे आहे.

पोडावरची ती मुलगी पुढे चौथीपर्यंत शिकली. नंतरचे काही कळले नाही. शाळेच्या माठाजवळ कोळशाने 'पाणी' आणि त्याखाली 'ईर' असे दोन शब्द मी लिहिले, ते दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात. म्हणजे तिला पाहिजे होते त्याहून एक वर्ष उशिरा. यंदाच्या जूनमध्ये जिल्ह्यातील कितीतरी वर्गांत तसेच एखादे मूल भिंतीला टेकून गप्प बसेल. त्याने विचारावे याची वाट पाहण्यात अर्थ नाही. बोलणे आपणच उघडले पाहिजे.